शिरस्त्राण : सायकलस्वाराचे व घोडेस्वाराचे कवच

१९३५ च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स हा विख्यात सैनिक व लेखक इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून जात असता, वाटेतील दोन सायकलस्वार मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नात कोसळला. डोक्याच्या दुखापतीने सहा दिवसांनी त्याचा अंत झाला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या शल्यविशारदाने पुढे अशा अपघातांचा अभ्यास करून १९४१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वार निरोप्यांना शिरस्त्राण सक्तीचे झाले.

सायकल आणि घोडा यांच्या बाबतीत ही जाणीव उशिरा आली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केले. मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह या कझाक सायकलपटूचा डोक्यास मार लागून मृत्यू झाला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेटची सक्ती केली.

संरक्षण कसे मिळते?

पडताना कवटी जमिनीवर थांबते, परंतु आतील मेंदू गतीत असतो. थांबण्यास जितका कमी वेळ, तितका आघात मोठा. हेल्मेटच्या कवचाखाली थर्मोकोलच्या जातीचा फेस असतो. तो चेपला जाताना आघात शोषतो आणि डोक्यास थांबण्यासाठी क्षणाचा अल्पांश अधिक मिळतो. हा अल्पांशच जीव वाचवितो. मात्र एकदा चेपलेला फेस पूर्ववत होत नाही; म्हणून आदळलेले हेल्मेट, वरून शाबूत दिसले तरी, पुन्हा वापरू नये.

चाळीस अभ्यासांतील ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांच्या माहितीचा एकत्रित विचार २०१६ साली प्रसिद्ध झाला. हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीची शक्यता सुमारे निम्म्याने आणि गंभीर दुखापतीची त्याहूनही अधिक प्रमाणात घटते, असे त्यातून दिसले.

घोडेस्वाराची गरज वेगळी

सायकलचे हेल्मेट युरोपीय मानकानुसार सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट पृष्ठावर आदळवून तपासतात. मोठ्या घोड्यावरील स्वाराचे डोके याहून बरेच उंच असते, शिवाय टापेचा तडाखा बसण्याचा धोका असतो. त्यामुळे घोडेस्वारीसाठी त्याच कामाचे, डोक्याची मागील बाजूही झाकणारे हेल्मेट हवे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०२१ पासून आपल्या स्पर्धास्थळी घोड्यावर बसताना ते सर्व वेळ आवश्यक ठरविले आहे. माथेरान, महाबळेश्वर येथे हौसेने घोड्यावर बसणारे मूल बहुधा प्रथमच बसत असते. त्याच्या डोक्याची काळजी नामांकित स्वाराइतकीच घ्यावयास हवी.

कायद्यापलीकडील कर्तव्य

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील हेल्मेटची तरतूद मोटारसायकलींसाठी आहे. सायकल व घोडा तिच्या कक्षेत येत नाहीत. येथे सवय लावणे हाच मार्ग उरतो. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या अनेक मुलींना सायकली मिळाल्या. दूरची शाळा त्यामुळे जवळ आली. तो प्रवास निर्धोक व्हावा, ही पुढील पायरी होय.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर, आडवे बसावे. पट्टे कानांखाली जुळावेत आणि हनुवटीखाली एकदोन बोटांपुरतीच जागा राहावी. सैल हेल्मेट आघातापूर्वीच सरकते. शिक्षकांनी हे प्रत्यक्ष करून दाखवावे. पंचायतींनी सायकलींच्या खरेदीबरोबर हेल्मेटचाही विचार करावा; पर्यटनस्थळी घोडेवाल्यांच्या सभेत हा विषय घ्यावा.

हेल्मेट हा रस्त्यातील खड्डे, नादुरुस्त ब्रेक किंवा भरधाव ट्रक यांवरील उतारा नव्हे. चांगला रस्ता, सुस्थितीतील सायकल आणि जबाबदार वाहनचालक यांची गरज कायम राहते. परंतु हे सारे असूनही मूल पडतेच. त्या वेळी त्याचे डोके आणि दगड यांच्यामध्ये काही असावे, एवढी व्यवस्था मोठ्यांच्या हाती आहे.