चौदा दिवसांचा नियम आणि आपली सही



उसाचे पैसे चौदा दिवसांत मिळावेत हे कुठे लिहिले आहे, असे गटसभेत आम्हाला नेहमी विचारतात. म्हणून हा खुलासा.

संसद कायदा करते व तपशील ठरविण्याचे काम सरकारवर सोपवते. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा. त्याच्या कलम ३ खाली केंद्र सरकारने १९६६ साली ऊस नियंत्रण आदेश काढला. ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाल्यास सालीना १५ टक्के व्याज, या तरतुदी त्या आदेशातल्या.

पण आदेश काढणाराही मोकाट नसतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने एफ.आर.पी. दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. केंद्राच्या आदेशाने बांधलेली गाठ राज्याला शासन निर्णयाने सैल करता येत नाही, हा त्यातला धडा.

मात्र एक मेख ध्यानात ठेवा. दोघांत वेगळा लेखी करार असेल, तर १४ दिवसांचे बंधन राहत नाही, असे तो नियमच सांगतो. तेव्हा ऊस नोंदीच्या वेळी छापील कागद पुढे आला, मग तो आमच्याच माणसाने आणलेला का असेना, पैशाची मुदत काय लिहिली आहे ते आधी वाचा. समजले नाही तर गट ऑफिसात विचारा. त्यात कमीपणा नाही. वजनाची पावती जपून ठेवा. दिवस मोजायला तोच पुरावा.