भरतीसाठी पळताय? मग शरीराचं शास्त्रही शिका

रिसोड तालुक्यातल्या गावागावांत भरतीची तयारी करणारी मुलं-मुली आहेत. बारावी झाली, कॉलेजात नाव घातलं, आणि पहाटे रस्त्यावर पळणं सुरू झालं. घरच्यांच्या मनात दोन प्रश्न असतात. लेकरू निवडलं जाईल का? आणि नाही निवडलं गेलं तर पुढे काय?

या दोन्ही प्रश्नांना उपयोगी पडेल असा एक विषय आहे. शरीर ऊर्जा कशी तयार करतं आणि सरावाने ते कसं घडत जातं, हे सांगणारं व्यायाम शरीरक्रियाशास्त्र. हा विषय समजला तर मैदानी चाचणीचे गुण वाढू शकतात. भरतीचं वय निघून गेलं तरी त्याच विषयावर पुढचं शिक्षण आणि पोटापाण्याचा व्यवसाय उभा करता येतो. म्हणून पळणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने तो शिकावा, असं मी आग्रहाने सांगतो.

मैदानावरचा दहावीचा धडा

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. या तीन प्रकारांत शरीराच्या ऊर्जानिर्मितीच्या तीन वेगवेगळ्या पद्धतींचा कस लागतो.

स्नायूला आकुंचन पावायला एटीपी नावाचा रेणू लागतो. दहावीच्या विज्ञानात आपण त्याला ऊर्जेचं चलन म्हणून ओळखतो. स्नायूतला एटीपीचा साठा दोन-तीन सेकंदच पुरतो. गोळा फेकण्याचं काम तेवढ्यातच उरकतं. त्यापुढे जोर टिकवायला फॉस्फोक्रिएटिन मदतीला येतं आणि साधारण दहा सेकंद एटीपी पुन्हा भरत राहतं. १०० मीटरचा पहिला टप्पा त्याच्या बळावर निघतो. ही झाली पहिली पद्धत. फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी या दोन्हींच्या शोधात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत १९२७ ते १९२९ या काळात हे काम केलं.

दुसरी पद्धत म्हणजे ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडणं. तिचा वेग मोठा, पण तिच्या भरवशावर एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त जोर टिकत नाही. तिसरी पद्धत तंतुकणिकांमधली, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांमधली. इथे ऑक्सिजन वापरून कर्बोदकं आणि चरबीपासून भरपूर एटीपी बनतं. ते संथपणे बनतं, पण दीर्घकाळ बनत राहतं. पाच-सहा मिनिटांच्या १६०० मीटर धावण्यात सुमारे चार पंचमांश ऊर्जा या तिसऱ्या पद्धतीनेच मिळते.

आता पुष्कळ मुलांचा सराव बघा. रोज १६०० मीटर, रोज जीव तोडून, रोज हातात घड्याळ. पहिल्या महिन्यात वेळ सुधारते, मग तिथेच अडकते. तंतुकणिका वाढवण्याचं बरंचसं काम सावकाश, सोबत्याशी बोलता येईल अशा गतीने तीस-चाळीस मिनिटं धावण्यात होतं. आठवड्यात बहुतेक दिवस तसं धावावं. एक-दोन दिवस मध्ये विश्रांती घेत ४०० मीटरचे वेगवान फेरे मारावेत. दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा आणि एक दिवस पूर्ण सुट्टी घ्यावी.

शरीर कोणत्या क्रमाने बदलतं

सराव सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातला द्रवभाग वाढतो. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं आणि त्याच गतीला धाप कमी लागते. काही आठवड्यांत स्नायूंमधल्या तंतुकणिका वाढतात, हळूहळू केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. गोळाफेकीतली सुरुवातीची प्रगती स्नायू फुगल्यामुळे कमी आणि चेतासंस्था जास्त तंतू एकदम कामाला लावायला शिकल्यामुळे जास्त होते. हाडं आणि स्नायूबंध मात्र सगळ्यात शेवटी, काही महिन्यांनी मजबूत होतात.

भरतीतल्या कितीतरी दुखापतींचं मूळ या क्रमात आहे. जाहिरात आली की मुलं एकदम अंतर वाढवतात. छाती साथ देते, नडगी देत नाही. नडगीचं हाड बोटाने दाबल्यावर एकाच जागी दुखत असेल तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक गोळी घेऊन पळत राहिलं तर हाडाला चीर पडू शकते आणि पूर्ण वर्ष हातचं जातं. म्हणूनच जाहिरातीची वाट न पाहता निदान सहा महिने आधी सराव सुरू करावा. मध्ये दोन-तीन आठवडे पूर्ण खंड पडला तर कमावलेला दम कमी होऊ लागतो, हेही ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी पाय दुखतात तेव्हा "लॅक्टिक ॲसिड साचलं" असं म्हणतात. तसं नसतं. लॅक्टेट तासाभरात निवळतं, उलट हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. दुखणं येतं ते स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. ती भरून निघताना स्नायू आणखी तयार होतो. त्यासाठी आठ तास झोप आणि पोटभर सकस जेवण लागतं.

पालकांनी आधी पाहायच्या गोष्टी

मुलगी ८०० मीटरला कमी पडते म्हणून तिला बोलण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासा. ऑक्सिजन स्नायूपर्यंत पोहोचवण्याचं काम त्याचंच असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जवळच्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. रक्त कमी असेल तर उपचारांनी जो फरक पडेल तो नुसतं जास्त पळून पडणार नाही.

खाण्यासाठी महाग डबे घेण्याची गरज नाही. भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाणे, दूध, अंडी आणि आपल्याच शेतातलं सोयाबीन यातून प्रथिनं आणि कर्बोदकं दोन्ही मिळतात. कोणी इंजेक्शन किंवा "ताकदीची" गोळी सुचवली तर ठाम नकार द्या. त्याने जीव आणि नोकरी दोन्ही धोक्यात येतात.

उन्हाला जपा. २०२४ मध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. धावताना छातीत दुखलं, भोवळ आली, किंवा नंतर लघवी काळपट झाली तर तडक दवाखाना गाठा. घरात कोणाचा कमी वयात हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, तर सराव सुरू करण्याआधीच मुलाला डॉक्टरांकडून तपासून घ्या.

या विषयातून पुढचे रस्ते

फिजिओथेरपी: बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह. महाराष्ट्रात प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. अभ्यासक्रम इंटर्नशिपसह साडेचार ते पाच वर्षांचा आहे. गुडघेदुखी, लकवा, अपघातानंतरचं पुनर्वसन यांचे रुग्ण तालुक्याच्या गावीही असतात, म्हणून गावाकडे राहून व्यवसाय करण्यासाठी मला हा रस्ता सर्वांत भरवशाचा वाटतो.

शारीरिक शिक्षण: बारावीनंतर बी.पी.ई.एस., किंवा कोणत्याही पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. बी.पी.एड.साठी राज्याची सीईटी असते आणि तीत मैदानी चाचणीही असते, त्यामुळे भरतीचा सराव इथे वाया जात नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून या क्षेत्रात आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. त्याचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय आपल्याच विभागात आहे. मात्र शाळांमधली कायम पदं थोडी आहेत, हे जाणूनच या वाटेला जा. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला शेत विकून पैसे देऊ नका.

प्रशिक्षक: पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षणाची पदविका देशभर मानली जाते. तिथे खेळातली कामगिरी लागते. ग्वाल्हेरचं लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थान आणि इंफाळचं राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ इथेही शिक्षणाची सोय आहे.

संशोधन: विज्ञानाची गोडी असेल तर शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा आहारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहारावर काम करते. दिल्लीतली डीआरडीओची डिपास ही प्रयोगशाळा उंचावर आणि कडाक्याच्या थंडीत काम करणाऱ्या जवानांच्या शरीराचा अभ्यास करते. महाराष्ट्रातच स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू करून योगाच्या शरीरावरील परिणामांची प्रयोगशाळेत तपासणी करण्याचा पाया घातला.

या वर्षी काय करायचं

दहावीचं लेकरू असेल आणि विज्ञान झेपत असेल तर अकरावीला जीवशास्त्र सोडू नका. त्यामुळे वरचे सगळे रस्ते खुले राहतात. कला शाखा घेतली असेल तरी बी.पी.ई.एस. आणि बी.पी.एड. उपलब्ध आहेत.

पदवीचं मूल भरतीची तयारी करत असेल तर पदवी अर्धवट सोडायची नाही, ही अट घरात आजच ठरवा. शिपाई भरतीला खुल्या गटाची वयोमर्यादा २८ आहे, पदवी मात्र आयुष्यभर कामाला येते.

खेळाची प्रमाणपत्रं जपून ठेवा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्तरावरची कामगिरी धरतात, हे वाशिमच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या.

मुलींच्या पालकांनो, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. निवडलेल्या अभ्यासक्रमाला आणि महाविद्यालयाला ती लागू आहे का, हे प्रवेशाआधी विचारा. पैशांपायी मुलीचं शिक्षण थांबवण्याआधी ही चौकशी झालीच पाहिजे.

आणि पळणाऱ्या मुला-मुलींनो, आजपासून एक वही ठेवा. सकाळी उठल्या-उठल्या नाडीचे ठोके, किती धावलात, कोणत्या गतीने, झोप किती, कुठे दुखतंय. नाडी नेहमीपेक्षा सलग दोन-तीन दिवस जास्त लागली तर त्या दिवसांत जोर कमी करा. तीन महिन्यांनी वही चाळून पाहा. कोणत्या सरावाने वेळ सुधारली, कशाने बिघडली, ते तुमचं तुम्हाला दिसेल. हे शोधताना मन रमलं तर समजा, तुम्हाला आवडणारा विषय सापडला. त्याचा अर्ज भरतीच्या अर्जासोबतच भरा.