मांड

परवा फोनवर म्हणालास, "आत्या, दोन सीटची, छत उघडणारी गाडी घ्यायचीय," आणि पाठोपाठ तीनतीनशे हॉर्सपॉवरच्या गाड्यांची यादी वाचून दाखवलीस. मी गप्प राहिले ती नाराज होऊन नव्हे. जे पंचवीस वर्षं हातापायांनी शिकले ते फोनवर पाच मिनिटांत सांगता येईना. म्हणून बसून लिहिते आहे. सावकाश वाच.

पहिली गोष्ट ही, आणि बाकीचं सगळं हिच्यातूनच निघतं: गाडी बघायला गेलास की हॉर्सपॉवर विचारू नकोस, वजन विचार. ताकद पुढे केव्हाही वाढवता येते, पैसे टाकले की झालं. जड जन्मलेली गाडी मात्र हलकी होत नाही. माझी निळी माझदा एमएक्स-५ आहे १९९२ची, सोळाशे सीसीची. ताकद साधारण ११५ हॉर्सपॉवर. आजच्या साध्या घरगुती गाडीलाही तेवढी असते. पण वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. शेजारच्या घरातली, मुलांना शाळेत सोडणारी गाडी दीड टनाच्या पुढे आहे.

तुझ्या आजोबांकडे दोन गाड्या होत्या, हे तुझ्या वडिलांनी तुला सांगितलं असेल. एक रोजची बैलगाडी, ऊस वाहायची, चाकांना लोखंडी धाव. दुसरा शर्यतीचा छकडा. तो आजोबा एकटे उचलून गोठ्याच्या भिंतीला टेकवायचे. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याच्यावरची प्रत्येक दोरी, प्रत्येक खिळा बघायचे आणि नको ते काढून टाकायचे. बैलाला मागे काही जोडलंय याची आठवण राहता कामा नये, असं म्हणायचे. आठ-नऊ वर्षांची असेन तेव्हा. त्या वाक्याचा अर्थ मला कळला तो शेफिल्डला येऊन, पस्तिशीत.

वजन कमी असलं की त्याचा फायदा एका जागी थांबत नाही. त्याच वेगातून थांबताना माझ्या गाडीच्या ब्रेकना दीड टनी गाडीच्या मानाने तिसऱ्या हिश्शाहून जास्त उष्णता कमी सोसावी लागते. मग ब्रेक लहान चालतात. ब्रेक लहान, म्हणून चाक लहान. चाक लहान, म्हणून त्याला धरणारे सांधेही हलके. टायर रुंद लागत नाही, म्हणून स्टिअरिंग हातात बोलतं. रस्त्यावर खडी आहे की ओल, डांबर कुठे बदललं, हे डोळ्यांच्या आधी तळहाताला कळतं. जड गाडीत हेच उलट होतं. वजन पेलायला रुंद टायर, ते थांबवायला मोठे ब्रेक, त्या सगळ्याला ओढायला मोठं इंजिन, आणि मग इंजिनाचंच वजन.

हे कॉलिन चॅपमनने आधीच ओळखलं होतं. लोटसचा तो संस्थापक. गाडी सोपी करा आणि हलकी करा, एवढ्या एका हट्टावर त्याने आयुष्य काढलं. त्याची १९६२ची एलान सातशे किलोच्या आत होती. पुढे इंग्लंडमधून अशा गाड्या हळूहळू गेल्या. एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. त्याच्या आदल्याच वर्षी बॉब हॉल नावाच्या अमेरिकी पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंना सुचवलं होतं की जुन्या इंग्लिश गाड्यांसारखी साधी, हलकी, उघड्या छताची गाडी पुन्हा कुणीतरी करायला हवी. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती उभी राहिली. गाडीचं काम सांभाळणारे तोशिहिको हिराई आणि त्यांची माणसं एका जपानी शब्दापाशी पुन्हा पुन्हा येत: 'जिंबा इत्ताई', घोडा आणि स्वार एक. आपल्याकडे त्याला शब्द आहे, 'मांड'. घोड्यावर मांड पक्की असली की लगाम ओढावा लागत नाही. या गाडीत तू बसतोस ते मागच्या चाकांच्या थोडं पुढे, जमिनीच्या जवळ. गाडी वळताना तुझ्या कमरेपाशी वळते. इंजिन पुढे असूनही वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मंनिम्मं आहे, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक सलग चौकट टाकलेली आहे. त्यामुळे पाय दाबला आणि चाक ढकललं यात फट राहत नाही. हे कागदावर वाचून कळणार नाही. पहिल्याच गोल चौकात कळेल.

आता विकत घेण्याबद्दल. इथे मी लांबण लावणार आहे, कारण पैसे इथेच बुडतात.

मी पहिली गाडी बघायला गेले ती आरशासारखी चकचकत होती. विकणारा गोड बोलणारा. मी सीटमागच्या कार्पेटवर हात दाबला तर तळवा ओला. पाऊस पडून चार दिवस झाले होते. मी चहासुद्धा न घेता परत आले. का, ते समजून घे. छत दुमडून जिथे बसतं तिथे, दोन्ही बाजूंच्या सीटबेल्टच्या खांबांखाली, पाणी जायला एकेक भोक असतं. पानं आणि माती साठली की ते तुंबतं, पाणी आत उतरतं आणि दाराखालच्या सिलमध्ये साठून राहतं. त्यात इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. आतून पाणी आणि बाहेरून मीठ, मग लोखंड किती टिकणार? म्हणून इंजिन नंतर बघ, आधी गुडघ्यावर बस. मागच्या चाकांच्या लगेच पुढे, सिलच्या शेवटच्या वीतभर भागावर बोटाने टकटक कर. लोखंडाचा आवाज आला पाहिजे. मऊ, बद्द आवाज आला, किंवा तेवढ्याच भागावर रंग नवा दिसला, तर त्या गाडीला नमस्कार कर. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, सगळं मिळतं आणि बदलता येतं. ही गाडी एवढी खपली आहे की सुटे भाग अजून सहज मिळतात. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ बाहेर पडली. गंजलेला सांगाडा मात्र बदलता येत नाही. दरवर्षीच्या सरकारी तपासणीचे, एमओटीचे, जुने निकाल नोंदणी क्रमांक घालून कुणालाही बघता येतात. जाण्याआधी घरी बसून ते वाच. "सिलला किंचित गंज" असं तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं असलं तर आता तो किंचित नसतो.

टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खोबणी शाबूत असली तरी दहा वर्षांचं रबर लाकडासारखं असतं. जुन्या हौशी गाड्या कमी चालतात, त्यामुळे त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. हे मी भोगून शिकले आहे. ऑक्टोबरचा पहिला पाऊस, झाडाखालचं वळण, त्यावर ओली पानं, आणि मी वळणाच्या मध्यावर घाबरून पाय उचलला. वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली आणि गाडी गर्रकन उलटी फिरून ज्या दिशेने आले तिकडे तोंड करून उभी राहिली. समोरून कुणी आलं नाही, हे माझं नशीब. त्या संध्याकाळी मी चारही टायर बदलायला सांगितले. तेव्हा लक्षात ठेव: या गाडीत चुकलेलं सावरून घेणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. ब्रेक सरळ रस्त्यावर लावायचा, वेग वळणाआधी उतरवायचा, वळणात पाय स्थिर ठेवायचा आणि वळण उलगडू लागलं की हळूच दाबत जायचं. ओल्या रस्त्यावर तर ही शिस्त देवपूजेसारखी पाळायची. ट्रकच्या मागे चिकटून जाऊ नकोस. तू इतका खाली बसलेला असतोस की त्याच्या आरशात दिसत नाहीस.

गाडी घरी आली की कुणी ना कुणी तुला सांगेल, मोठी चाकं घाल. ऐकू नकोस. माझी मूळ चौदा इंची चाकं एकेक साडेपाच किलोच्या आसपास आहेत. रस्त्याचा प्रत्येक खड्डा चाकाला उचलतो, आणि चाक जितकं जड तितकं ते खाली यायला वेळ घेतं. दिसायला भरदार, चालायला ढिम्म. तसाच तो मोठा स्पीकर, तो सजावटीचा पंख, ती जाड गादी. गाडीत काही घालण्याआधी आजोबांचा छकडा आठव.

हवा २६ ठेव, चारही चाकांत. गॅरेजमधली पोरं सवयीने ३३-३५ भरून देतात, कारण येणारी बाकीची प्रत्येक गाडी जड असते. मग ही उड्या मारते आणि लोक म्हणतात सस्पेन्शन गेलं. गॅरेजमधून आणलीस की घरी स्वतः मोज.

छताची मागची खिडकी प्लास्टिकची आहे. छत खाली घेण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट पाडायची, नाहीतर घडी पडते आणि घडीवर चीर जाते. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं, तेव्हा आधी गाडी आतून गरम करून घे. ती पाण्याची भोकं वर्षातून दोनदा साफ कर, त्यातली एक खेप पानगळ संपल्यावर. तार घालू नकोस, खालची रबरी नळी फाटते. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी पुरते. बॅटरी डिकीत आहे आणि तिची वाफ बाहेर सोडणारी बारीक नळी आहे. बॅटरी बदलताना ती नळी जोडता येईल अशीच घे, नाहीतर आम्लाची वाफ डिकी खाते. टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांना. तेल वेळेवर. इंजिनाबद्दल एवढंच, ते गुणी आहे.

आणि चालव. मखमलीत ठेवू नकोस. हलक्या गाडीचं सुख असं की ते भेटायला वेग लागत नाही. तुझ्या यादीतल्या गाड्या ऐंशी-नव्वद मैलांना जाग्या होतात, आणि तोवर तू कायदा मोडलेला असतोस. माझी चाळीसला जागी असते. शेफिल्डहून लेडीबोअरच्या तलावावरून वर चढणारा स्नेक पास घे. लोकांना वाटतं तो रस्ता नागमोडी म्हणून त्याचं नाव स्नेक. खरं तर डेव्हनशरच्या ड्यूकच्या घराण्याच्या चिन्हावर साप आहे, त्यावरून ते आलं. माथा ५१२ मीटरवर. तिथे वेगमर्यादा पन्नासची, आणि तिसऱ्या गिअरमध्ये पंचेचाळिसाच्या आतबाहेर तो रस्ता या गाडीत जसा लागतो तसा दुप्पट ताकदीच्या गाडीत लागत नाही. ऑगस्टमध्ये माळावर हेदर फुललेलं असतं आणि त्याचा मधासारखा वास उघड्या छतातून थेट अंगावर येतो. मेंढ्यांचाही येतो. भुरभुर पाऊस आला तर लगेच छत ओढू नकोस. गाडी चालती असली की तो काचेवरून डोक्यामागे निघून जातो. थांबलास तरच भिजशील.

तुझी आजी २००३ मध्ये आली होती. सत्तरीची. मला वाटलं तिला टॅक्सीने फिरवावं. तिने पदर खोचला, कानांवरून शाल घट्ट बांधली आणि म्हणाली, "छत काढ." कॅसलटनजवळच्या विनॅट्स पासची चढण, दोन्हीकडे चुनखडीचे सुळके. ती वर मान करून बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, यांच्या छकड्यात एकदा बसले होते, लग्नाच्या वर्षी. त्याआधी ही गोष्ट तिने आम्हाला कधी सांगितली नव्हती.

पुढे पुण्याला न्यायचं म्हणालास, ते मनातून काढ. आपल्याकडे वापरलेली गाडी आयात करायला तीन वर्षांच्या वयाची अट आहे, त्यात ही बसत नाही. देशात हे वेड कुणाला नव्हतं असं नाही. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरची, दोन सीटची, छत उघडणारी गाडी बनायची, साठ हॉर्सपॉवरची. रस्त्यात दिसली तर थांबून बघ.

गाडी ठरवण्याआधी माझी चालव. रविवारी पहाटे साडेपाचला निघू, तेव्हा स्नेकवर ट्रक नसतात. सपाट तळव्याचे बूट घाल, जाड तळव्यातून क्लच कळत नाही. कानटोपी आण. किल्ली तुझ्याकडे, मी बाजूला बसेन.