सरकत्या गॅलरीचा कारागीर

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ साली सुरू झालेल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रातील अडीचशे आसनांच्या लहान नाट्यगृहात खुर्च्यांच्या रांगा, काम नसेल तेव्हा, एकात एक बसणाऱ्या डब्यांप्रमाणे मागे सरकून मिटतात आणि प्रयोगाच्या वेळी पायऱ्यापायऱ्यांनी पुन्हा उलगडतात. ज्या सभागृहात सकाळी बॅडमिंटन आणि सायंकाळी स्नेहसंमेलन व्हावयाचे असते, तेथे अशी सरकती गॅलरी मोठीच सोय ठरते. परंतु तिची निगा राखणारा आणि तिचा बिघाड शोधणारा कारागीर अद्याप आपल्या पालकांच्या हिशेबात आलेला नाही. मुलाने फिटर व्हावे ते माजरीच्या कोळसा खाणीसाठी, भद्रावतीच्या आयुधनिर्माणीसाठी किंवा औष्णिक वीजकेंद्रासाठीच, अशी समजूत वरोऱ्याकडे रूढ असल्यामुळे या कामाचा परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

या गॅलरीची प्रत्येक पायरी म्हणजे पोलादी सांगाड्यावरचा स्वतंत्र फलाट असून त्याच्याखाली रबरी धाव चढविलेली चाके असतात. विजेवर चालणाऱ्या गॅलरीत बहुधा सर्वांत पुढच्या पायरीखाली मोटार असते, ती सुरू झाली की ही पायरी पुढे निघते आणि मागच्या पायऱ्यांना क्रमाक्रमाने ओढून घेते, व प्रत्येक पायरी पूर्ण बाहेर आली म्हणजे तिचा अडसर आपोआप बसतो. नेहमीचा बिघाड असा, की एक बाजू पुढे जाते, दुसरी मागे रेंगाळते आणि सारी गॅलरी तिरकी होते. नवशिका अशा वेळी बटण दाबूनच ठेवतो आणि सांगाडा पिळवटतो. जाणता कारागीर प्रथम मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालतो, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो, आणि मगच गुडघे टेकून बॅटरीच्या उजेडात चाकांची वाट न्याहाळतो. कोठे बाटलीचे झाकण चाकापुढे अडकलेले असते, कोठे लाकडी तळाला नुकतेच पॉलिश झाल्यामुळे एकच चालक चाक घसरत असते, तर कोठे एका बाजूचे रबर झिजून गेलेले असते. वायरिंगच्या दुरुस्तीनंतर गॅलरी बाहेर येण्याऐवजी आत जाऊ लागली, तर थ्री-फेज पुरवठ्यातील दोन वायरींची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा. मोटार नुसतीच घुमत असेल आणि फिरत नसेल, तर एक फेज गेला आहे काय, ते पाहावे. एखादी खुर्ची न मिटता उभी राहिली, किंवा कठडा काढावयाचा राहून गेला, एवढ्या हयगयीनेही मोठे नुकसान होते.

झाडीपट्टीत नाटकाचे मंडप उभारणाऱ्या माणसांना ठाऊक असते, की माणसांनी भरलेली जागा ही निर्जीव ओझ्याहून निराळी गोष्ट आहे. लोक एकदम उठतात, नाचतात, एका बाजूला रेटतात. म्हणूनच युरोपात अशा गॅलऱ्यांसाठी ईएन १३२००-५ आणि अमेरिकेत आयसीसी ३०० ही स्वतंत्र मानके आहेत. प्रत्येक अडसर बसल्याची खातरजमा करून नोंदवहीत सही करणारा, आणि एक जरी अडसर बसला नसेल तर, बाहेर प्रेक्षक ताटकळत असले तरी, दार उघडू न देणारा माणूस या कामी हवा असतो.

‘सरकत्या गॅलरीचा कारागीर’ या नावाचा कोणताही अभ्यासक्रम शोधत बसू नये. दहावीनंतर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर किंवा इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा व्यवसाय पुरा करावा, १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करावी, आणि नंतर आसनव्यवस्था बसविणाऱ्या कंपनीत मदतनीस म्हणून शिरावे. खरी विद्या तेथे, प्रत्यक्ष कामावर, मिळते. वरोऱ्यात या कामावर पोट भरणार नाही, मुलाला मोठ्या शहरांत आणि वारंवार प्रवासात राहावे लागेल, हे पालकांनी आधीच मान्य केलेले बरे. मात्र मागणी मंदावली तरी हात रिकामे राहत नाहीत, कारण हीच विद्या रंगमंचावरील यंत्रे, लिफ्ट आणि सरकत्या भिंती यांच्या कामी येते. या आसनांसाठी प्रसिद्ध असलेली अमेरिकेतील हसी ही कंपनी १८३५ साली नांगर बनविण्यासाठी निघाली होती, हे शेतकरी घरांनी अवश्य ध्यानात घ्यावे. आणि हातकाम हे कमी प्रतीचे, असे ज्यांना वाटते, त्यांनी आनंदवनाच्या कार्यशाळांत जाऊन तेथील हात काय निर्माण करतात ते एकदा पाहावे.

मुलाचा किंवा मुलीचा कल पाहावयाचा असेल, तर घरातला बंद पडलेला मोटारपंप समोर ठेवावा. जे मूल आधी वीज बंद करते आणि मग कारण शोधू लागते, त्याच्या प्रवेशअर्जात पहिली पसंती फिटरची लिहावी, असे माझे मत आहे. कारण या गॅलरीचे बहुतेक दुखणे चाकांत, बोल्टांत आणि सांगाड्यात असते, आणि विजेचे जेवढे ज्ञान तिला लागते, तेवढे उमेदवारीच्या मुदतीत शिकून घेता येते.