गाडीची कमान

यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरब या गावाच्या परिसरात कपाशीची काळी जमीन आहे. पावसाळ्यात तेथील गाडीवाटांवर खोल चाकोऱ्या पडतात आणि उन्हाळ्यात त्याच चाकोऱ्या दगडासारख्या कठीण होतात. जुन्या धाटणीच्या बैलगाडीतून अशा वाटेने जाणाऱ्याला प्रत्येक खळगा हाडांत जाणवतो. गाडीचा साटा आसावर जवळजवळ थेट टेकलेला असतो. त्यामुळे चाकाला बसलेला हिसका वाटेत कोठेही अडत नाही.

टांग्यात ही अडचण दूर केलेली असे. आस आणि बैठक यांच्यामध्ये पोलादी पाट्यांची कमान बसवलेली असे. चाक उचलले गेले की कमान दबते, हिसका आपल्या अंगात सामावून घेते आणि पुन्हा पूर्ववत होते. आजच्या बहुतेक लहान मोटारींत गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात; परंतु मालट्रकांखाली अजूनही कमानपाटे दिसतात.

कमानीत एकच जाड पाटा का नसतो? जाड पाटा सहज वाकत नाही आणि बळाने वाकवल्यास त्याच्या पृष्ठभागावर फार ताण पडतो. एकटा पातळ पाटा वाकतो खरा, पण त्याला भार पेलवत नाही. म्हणून सर्वांत लांब पाट्याखाली क्रमाक्रमाने आखूड होत जाणारे पाटे रचतात. ताण मध्यभागी सर्वाधिक असतो आणि तेथेच सर्व पाटे एकत्र येतात. शिवाय दबताना पाटे एकमेकांवर घासतात व त्यामुळे गाडीचे हेलकावे लवकर थांबतात.

असा पाटा गावच्या भट्टीत घडवता येईल काय? त्याला आकार देणे कुशल लोहाराला अवघड नाही. खरी परीक्षा पुढेच असते. साध्या लोखंडाची पट्टी भाराखाली वाकली की वाकलेलीच राहते. पोलाद लाल तापवून तेलात बुडवले तर ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताच्या उष्णतेवर तापवावे लागते. कठीणपणा थोडा कमी झाला की त्यात चिवटपणा येतो. उष्णता कमी पडली तर पाटा तुटतो. अधिक झाली तर तो मऊ पडतो. कारखान्यात ही उष्णता यंत्राने मोजतात. भट्टीजवळ मात्र अनुभवी नजर हेच मापन असते.

तुटलेला पाटा वितळजोडाने सांधणे हा उपाय सोपा वाटतो. पण तो फसवा आहे. सांध्याच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचे पाणी उतरते. तारेचा तुकडा पुनःपुन्हा वाकवला की तो अखेरीस तुटतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पाटाही प्रत्येक खळग्यावर वाकत असतो. प्रारंभी केसाएवढी असलेली चीर वाढत जाते आणि भरल्या गाडीखाली एके दिवशी पाटा दुभंगतो. जाणता लोहार तुटक्या पाट्याचा कोयता किंवा विळा करतो. त्याच पाट्यावर माणसांचा भार पुन्हा टाकत नाही.

याचा अर्थ घरी काही घडवूच नये असा नव्हे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सामानातून लहान चारचाकी गाडी बनवली. ती दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्यांच्या कल्पकतेचा जाहीर गौरव केला. मात्र ही गाडी नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर अडवली जाईल, हेही त्यांनी सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी गाडी देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार यांना मिळाली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील, म्हणजे २०२१ मधील, एक घटना मात्र मनाला चटका लावते. यवतमाळ जिल्ह्यातीलच फुलसावंगी येथील एका तरुण कारागिराने स्वतः हेलिकॉप्टर बनवले होते. चाचणी चालू असताना त्याचे पाते तुटले आणि त्या आघाताने तो मरण पावला. त्याच्या बुद्धीत वा जिद्दीत उणीव नव्हती. पण वेगाने फिरणाऱ्या भागाची परीक्षा माणूस जवळ असताना होणे, हे किती घातक आहे ते त्या दिवशी दिसून आले.

पुण्यात १९६६ साली मोटारवाहनांच्या संशोधनासाठी ए.आर.ए.आय. ही संस्था स्थापन झाली. नव्या वाहनांची व त्यांच्या भागांची तेथे कसोटी घेतली जाते. भाग तुटायचाच असेल, तर तो प्रयोगशाळेत तुटावा. घाटाच्या वळणावर तुटू नये, हाच अशा कसोटीचा हेतू होय.

कारागिराच्या हाताला कल्पनेची जोड हवी; आणि कल्पनेला कसोटीची.

स्वाध्याय

१. कमानीत आखूड-लांब पाटे एकावर एक का रचतात?
२. पोलाद तेलात बुडवल्यानंतर पुन्हा का तापवतात?
३. 'तुटलेला पाटा सांधणे हा फसवा उपाय आहे.' हे विधान सकारण स्पष्ट करा.
४. जवळच्या लोहाराचे काम पाहा आणि त्याविषयी दहा ओळी लिहा.
५. वाक्यात उपयोग करा : चटका लावणे, सामावून घेणे, कसोटी घेणे.