डंपर गेटबाहेर गेल्यावर

भिवंडीत गोदामांची देखभाल बघणाऱ्याला तोडफोड चुकत नाही. भाडेकरू बदलला की जुन्याचं पार्टिशन, फॉल्स सीलिंग निघतं, नव्याच्या रॅकसाठी फ्लोअरिंग उखडतं.

माणकोलीकडच्या आमच्या एका गोदामात असंच काम निघालं. ठेकेदाराने ब्रेकर लावून काँक्रीट, विटा, जिप्सम बोर्ड, खोकी, सगळ्याचा एकच ढीग केला. ‘डेब्रिज उचलणे’ एवढाच कोटेशनमध्ये उल्लेख. डंपर रिकामा कुठे होणार ते कुठेच नाही. पुढे नोटीस आली ती खाडीच्या तिवरांत भराव टाकल्याची. ढिगातल्या खोक्यांवर आमच्याच गोदामाचा पत्ता होता! डंपरवाला फोन उचलेना. भराव काढायचा खर्च मालकाच्या बोकांडी बसला.

म्हणून सांगतो, वेगळं करायचं ते तोडण्याआधी. दारं, अ‍ॅल्युमिनियम, केबल आधी उतरवा. भंगारवाला पैसे मोजून नेतो. मग जिप्सम. याच्याबाबत कोणाचं ऐकू नका. जिप्समचा चुरा काँक्रीटमध्ये मिसळला की त्यातल्या सल्फेटमुळे तो माल खडीसाठी बाद. नुसतं स्वच्छ काँक्रीट असेल तर त्याच्या खडीला आयएस ३८३ (२०१६) नुसार साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम-२५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के जागा आहे. विटांचा चुरा अंतर्गत रस्त्याच्या भरावाला चालतो.

जुन्या यंत्रमागाच्या शेडचं गोदाम करत असाल तर सिमेंटच्या पत्र्यांवर हातोडा चालवू देऊ नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पाणी मारून, हुकाचे नट काढून पत्रे अख्खे उतरवायचे आणि डेब्रिजमध्ये अजिबात मिसळायचे नाहीत.

काँक्रीट, माती, विटा-मॉर्टर आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग २०१६ च्या केंद्रीय नियमांनीच मोठ्या कामांना सांगितले होते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर पुनर्वापराची जबाबदारी आहे. आपल्याकडची मोठी गोदामं सहज त्या मापात बसतात.

डेब्रिज कुठल्या केंद्रावर जाणार, हे वर्क ऑर्डरमध्येच लिहा. डायघरचं केंद्र मुंबई महापालिकेने आपल्या हद्दीतल्या डेब्रिजसाठी उभारलंय, तेव्हा ‘डायघरला टाकतो’ एवढ्यावर मान डोलावू नका. तिथे आपला माल घेतात का, ते लेखी विचारा. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता काटा पावत्या हातात येईपर्यंत सोडायचा नाही. पावतीवरचा गाडी नंबर आणि वेळ गेटच्या रजिस्टरशी ताडून बघा. एकाच पावतीची झेरॉक्स दोन फेऱ्यांना लावलेली मी पाहिली आहे.