जोडणी केल्यावर बँडसॉ थरथरतो, काय चुकते?

प्रश्न : अमेरिकेत गॅरेजमध्ये कामासाठी जुने शॉपस्मिथ मार्क फाइव्ह घेतले आहे. बँडसॉ जोडला की मशीन थरथरते आणि खडखडते. काय तपासावे?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : या मशीनमध्ये एकाच मोटरवर सॉ, लेथ, ड्रिल चालतात आणि बँडसॉ-जॉइंटरसारखी जोडअवजारेही फिरतात. त्यामुळे बहुतेक वेळा दोष अवजारात नसतो, जोडणीत असतो.

आधी प्लग काढा. बँडसॉच्या दोन्ही नळ्या आणि त्या ज्या भोकांत बसतात ती भोके पुसा. तिथे भुसा साचला की अवजार तिरके बसते. नळ्या तळापर्यंत सरकवून लॉक घट्ट करा.

मग मशीन आणि बँडसॉ यांचे शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे दोन्ही हब पाहा. त्यांचा स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच आवळलेला हवा. गोल भागावर तो घसरतो आणि खडखडाट सुरू होतो. रबरी कपलर चिरला असेल तर बदला.

हेडस्टॉक (मोटर असलेला सरकता भाग) सरकवून कपलर गुंतवा, पण दाबून ठासू नका. किंचित मोकळीक राहू द्या. हेडस्टॉक लॉक करून बँडसॉचे चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. ते कुठे अडकत असेल, तर जोडणी पुन्हा करा.

बँडसॉला कमी वेगच लागतो, पण वेग बदलण्याची चकती मशीन चालू असतानाच फिरवायची. म्हणून सॉ, लेथचे काम संपवताना, बंद करण्यापूर्वीच, वेग सर्वांत कमी करून ठेवा. एवढे करूनही थरथर राहिली, तर पात्याचा ताण आणि चाकांचे टायर तपासा.